कोकिळाताईंचा खालचा सूर

कोकिळाताई वर्तकांच्या नावाची थट्टा करण्यात आता चौलमध्ये कुणाला गंमत वाटत नाही. प्रत्येकाची ती एकेकदा करून झाली आहे. बदलून आलेल्या पोस्टमनलाही ती पहिल्याच आठवड्यात सुचली, आणि आपल्यालाच सुचली असं त्याला वाटलं. नाव कोकिळा; आणि रोज संध्याकाळी ओटीवर बसून ही बाई छातीइतक्या उंच लाकडी ओंडक्यात फुंकणार, आणि त्याचा आवाज सुपारीच्या वाडीतून पार विहिरीपलीकडे जाणार. रेड्यानं वेद म्हटले ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या रेड्याचा आवाज कसा लागला असेल, याची कल्पना मात्र फक्त आमच्या आळीला आहे.

त्या ओंडक्याचं नाव डल्शियन. इंग्रजी वाद्यवृंदात 'बॅसून' नावाचं जे लांबलचक वाद्य असतं, त्याचा हा आजोबा किंवा पणजोबा. एकाच लाकडात शेजारी शेजारी दोन नळ्या कोरलेल्या, बुडाशी एकमेकींना जोडलेल्या. हवा एकीतून खाली जाते, वळते आणि दुसरीतून वर येते. वरच्या अंगाला एक वाकडी पितळी नळी, आणि तिच्या टोकाला बोरूसारख्या गवताची दुहेरी पत्ती. ती ओठांत धरायची. तीन-चारशे वर्षांपूर्वी युरोपातल्या देवळांत आणि दरबारांत तळाचा सूर धरायला हे वाद्य असायचं. पुढे ते मागे पडलं. चौलचं बंदरही मागे पडलं, साधारण त्याच सुमाराला. पण या दोन गोष्टींचा संबंध जोडायला ताईंची सक्त मनाई आहे, म्हणून तो आपण जोडू नये.

ते आलं कसं, हे सरळ आहे. ताईंच्या यजमानांचा पुतण्या निकेत बोटीवर इंजिनियर आहे. दादांना (यजमानांना सगळं गाव दादा म्हणतं, त्यांचं खरं नाव रेशनकार्डाला माहीत) त्यानं एकदा विचारलं, "काकूला काय आणू?" दादा म्हणाले, "घड्याळं झाली, सेंट झाले, काहीतरी टिकाऊ आण." निकेतनं बेल्जियममधल्या एका बंदरात जुन्या सामानाच्या दुकानातून हे उचललं. मूळ वाद्यावरून आपल्याच काळात कुणा कारागिरानं केलेली प्रतिकृती होती, पण ते त्याला ठाऊक नव्हतं.

"काकू, कोपऱ्यात उभा करा आणि वर बल्ब लावा," तो म्हणाला. "झकास दिवा होईल."

"आहे काय पण हे?"

"अँटिक आहे."

हे उत्तर दुसऱ्या कुणाला चाललं असतं. ताई तेव्हा न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत होत्या. आठवडाभर उरणला खोली, शनिवारी एसटीनं चौल. बाहेरून आलेल्या प्रत्येक वस्तूला कस्टमच्या पुस्तकातला कुठला तरी क्रमांक द्यायचा, हे त्यांचं काम. नाहीच बसली वस्तू कुठे, तर 'इतर' म्हणून एक रकाना असतो. ताईंना 'इतर'चा तिटकारा. 'इतर' लिहिणं म्हणजे कारकुनानं हात टेकणं, असं त्यांचं मत होतं आणि कचेरीतल्या पोरांना त्या ते रोज ऐकवत. त्यामुळे स्वतःच्या घराच्या कोपऱ्यात 'इतर' उभं आहे, हे त्यांना झोपू देईना. महिनाभर त्यांनी परदेशी संग्रहालयांचे फोटो धुंडाळले, आणि एका शनिवारी दादांना नाव सांगितलं. दादा म्हणाले, "बरं झालं. आता बल्ब लावू?"

ताईंनी बल्ब लावला नाही. एखादी वस्तू काय आहे हे कळलं की ती तेच करते की नाही, हेही बघावं लागतं.

ते बघायला पुढची बरीच वर्षं गेली. बरोबर आलेल्या पत्त्या वाळून फुटल्या होत्या. देवळात चौघड्याला सनई वाजवणारा भागोजी मदतीला आला. त्यानं आपल्या रीतीनं ताडाच्या पानाची पत्ती कापली, दोऱ्यानं आवळली, नळीवर चढवली आणि मोठ्या भक्तिभावानं फुंकली. जो आवाज आला त्याबद्दल भागोजीनं आधी देवाची माफी मागितली आणि मग ताईंची.

"बाय, ह्यो घोडा माझ्या लगामाचा न्हाय," तो म्हणाला.

मग पत्त्या बाहेरून मागवल्या. लाकूड खाऱ्या हवेत उलू नये म्हणून आतून तेल लावायचं असतं. ताईंनी घरचं खोबरेल लावलं, तेव्हा वाद्यात मुंग्या झाल्या आणि एका संध्याकाळी त्या सुरांबरोबर बाहेर पडल्या. मग जवसाचं तेल आलं. बोटं कुठे ठेवायची ते ताई जुन्या ग्रंथांतल्या चित्रांवरून शिकल्या. वेळ लागला, पण सूर लागला. तो ऐकून शेजारच्या गाईनं दूध कमी केलं, असं म्हणतात. गाईचं म्हणणं कुणी विचारलेलं नाही.

आता वाजवायचं काय? इथे खरी गोष्ट सुरू होते.

त्या काळी पाच जणांनी मिळून वाजवायचं संगीत छापायचं, तर पाच निरनिराळी पुस्तकं छापत. प्रत्येकात एकाच आवाजाचे सूर. सगळ्यांचं मिळून एका पानावर, असं काही नसे. म्हणजे समजा, आपल्या भजनी मंडळात पखवाजवाल्याकडे फक्त पखवाजाचं पुस्तक, पेटीवाल्याकडे पेटीचं, बुवांकडे बुवांचं. आणि पाची जण एकत्र बसले तरच भजन. एकत्र बसले नाहीत तर प्रत्येकाच्या हातात एक कोडं. अशाच एका संचातलं तळाच्या आवाजाचं पुस्तक एका परदेशी ग्रंथालयानं इंटरनेटवर ठेवलं होतं. वरच्या चार पुस्तकांचा पत्ता नव्हता. रचना करणाराही कुणी नामांकित नव्हता. कुठल्याशा गावच्या देवळातला वादक. त्याचं एकही गाणं कुणी ध्वनिमुद्रित केलेलं नव्हतं; चार आवाज हरवलेलं गाणं करणार कसं?

ताईंनी त्यातलं एक निवडलं. का तेच, असं विचारलं की म्हणत, "त्यात सूर कमी होते."

होतेच. चौकोनी, पोकळ, पतंगासारखे सूर. तालाच्या खुणा नाहीत, मात्रांच्या रेघा नाहीत; एका ओळीत सुरांची मुंग्यांसारखी रांग चालली आहे आणि मधूनमधून नुसत्या उभ्या रेघा. उभी रेघ म्हणजे विसावा. छोटी रेघ छोटा विसावा, मोठी रेघ मोठा. गाण्याच्या मध्यावर तर अशा मोठ्या रेघांचा कुंपणासारखा एक घोळका होता. तिथे तळाच्या वादकानं वाद्य मांडीवर घेऊन बसायचं आणि वरचे चौघे काय करतात ते ऐकायचं.

पण वरचे चौघे नव्हते. सुरुवातीला ताई तिथे इमानानं थांबत. मग आतून दादांचा आवाज येई, "झालं? चहा टाकू?" काही दिवसांनी ताईंनी त्या रेघा गाळल्या. एकट्या माणसानं कुणासाठी थांबायचं? विसावा गाळून त्या सलग वाजवू लागल्या, आणि तसंच ते त्यांच्या बोटांत बसलं. आमच्या कानांतही. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी ऐकून ते गाणं आळीला पाठ झालं. सखुबाई सुपाऱ्या सोलताना ते गुणगुणायची. भजनी मंडळानं त्या चालीवर एक अभंगसुद्धा बसवून पाहिला. तो बसला, यात चालीपेक्षा मंडळाची ताकद दिसते.

ताईंना मात्र एकच गोष्ट छळत होती. निवृत्त होऊन चौलला कायमच्या राहायला आल्यावर तर जास्तच. "माझ्यावर काय आहे?" त्या म्हणत. "खाली मी आहे. वर काय आहे?"

दादा म्हणत, "वर कौलं आहेत."

मग मागच्या वर्षी दुसऱ्याच देशातल्या एका ग्रंथालयानं आपल्या पेट्या उपसल्या आणि उरलेली चार पुस्तकं त्यांत निघाली. तीही इंटरनेटवर आली. ताईंना बातमी सकाळी कळली. दुपारपर्यंत त्यांनी ती पानं उघडून सूर ताडून पाहिले असतील, असं आम्ही धरून चाललो. त्यांनी उघडली नाहीत.

"वाचून काय कळणार? जेवणाच्या वासानं पोट भरत नाही," त्या म्हणाल्या. "मला ऐकायचंय. चौघं वर असताना, मी खाली असताना."

त्यांनी मुंबईच्या सुयशला मेल केला. सुयश पेशानं चार्टर्ड अकाउंटंट, आणि जुन्या घसरत्या नळीचा कर्णा वाजवतो. त्याच्यासारखीच आणखी तिघं जुनी वाद्यं घेऊन जमतात. त्यांतली आरोही लाकडाचं, काळ्या चामड्यात गुंडाळलेलं वाकडं शिंग वाजवते. त्यांच्याकडे वरचे चारही आवाज होते. तळाला वाजवणारं कुणी नव्हतं. सुयशनं पुस्तकं तपासली आणि लगेच फोन केला.

"ताई, पाची पुस्तकं जुळतात! हे कित्येक शतकांत कुणी ऐकलेलं नसणार. आणि आपण ते चौललाच करायचं. पोर्तुगीजांचं बंदर! याच किनाऱ्यावर हे वाजलं असणार."

"पुरावा?"

"म्हणजे... तसं वातावरण आहे ना."

"वातावरणाला रकाना नाही," ताई म्हणाल्या. "पण या. चौल बरं आहे, माझी पाठ दुखते आणि मला प्रवास नको."

देवळाचा सभामंडप ठरला. दगडी जमीन, वर लाकडी छत, आवाज धरून ठेवणारी जागा. परदेशी वाद्यं देवळात कशी, असा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीत एकानं काढला. भागोजी दाराशी उभा होता. तो म्हणाला, "द्येवासाठीच केल्यालं हाय ना? मंग द्येवानं ऐकलं तर काय बिघाडलं? त्याला रोज माझं ऐकावं लागतंय." ठराव लगेच झाला.

कार्यक्रम रविवारी. तालमीसाठी मंडळी शनिवारी दुपारीच आली. चौघं वादक आणि त्यांच्याबरोबर मैथिली नावाची मुलगी. मैथिली चेलो वाजवते. गाडीच्या डिकीत चेलो होता.

"हा कशाला?" दादांनी विचारलं.

"असावा म्हणून," सुयश म्हणाला.

तो सभ्य मुलगा आहे. पण साठी ओलांडलेली, कुणाकडे न शिकलेली, आयुष्यात दुसऱ्या माणसाबरोबर एक सूरही न वाजवलेली बाई तळाला बसवायची, तर डिकीत काहीतरी असावं, हे कुठल्याही अकाउंटंटला कळतं.

तालमीला निम्मी आळी येऊन बसली. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी जा म्हटलं नाही. सुयशनं हात खाली सोडला, वर उचलला. जुन्या ग्रंथांत ताल असाच मोजायला सांगितला आहे, हात शांतपणे पडतो आणि उठतो. पाच जणांनी श्वास घेतला.

पहिल्यांदा ताई विसाव्यावरून सरळ चालत गेल्या. वरचे चौघे एकीकडे, ताई पुढच्या वळणावर. सुयश थांबला. "ताई, तिथे थांबायचंय." ताईंनी मान डोलावली. त्यांना ठाऊकच होतं. बोटांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्यांदा त्या थांबल्या. वाद्य मांडीवर घेतलं. आणि तेवढ्यात मंडपाच्या मागच्या बाजूनं ताईंचा पुढचा सूर ऐकू आला. सखुबाई गुणगुणत होती. तिच्या पाठोपाठ भजनी मंडळानं उचललं. टाळकऱ्यांनी, पेटीवाल्या मास्तरांनी, सगळ्यांनी. बुवा अडकला की मागच्यांनी ओळ उचलायची, ही त्यांची जन्माची सवय. ताई अडकल्या, आपण सावरलं. तेही मनापासून, खर्जात. ताईंचा मोजणारा हात डगमगला आणि त्या त्यांच्यात जाऊन मिळाल्या. वरचे चौघे वाऱ्यावर.

आरोहीला हसू फुटलं. शिंग वाजवताना हसलं की फार वाईट आवाज येतो.

"मावशी, प्लीज, मधे म्हणू नका," सुयश म्हणाला.

"आमी काय चुकीचं बोललाव?" सखुबाई म्हणाली. "ती बिचारी गप झाली म्हनून धरलं."

"त्यांनी गप्पच व्हायचंय तिथे."

"आन् मंग गानं कोन चालवनार?"

पुढच्या खेपेला सखुबाईनं पदर तोंडात धरला. पण पेटीवाले मास्तर राहिले नाहीत. त्याच्या पुढच्या खेपेला कुणीच गुणगुणलं नाही, आणि आता कोण गुणगुणेल या धास्तीत ताईच आधी शिरल्या. ऊन कलायला लागलं. सुयश ताईंजवळ जाऊन उकिडवा बसला.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला हे ऐकायचं होतं ना? तुम्ही समोर बसा. तळाचं मैथिली करेल. तुमच्यामुळेच होतंय हे सगळं, मी उद्या सुरुवातीला सांगेन तसं. निवांत ऐका. वाजवताना तसंही काही ऐकू येत नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. "सकाळी सांगते," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी दादा मागच्या पडवीत मांदेली साफ करत बसले होते. ताई पायरीवर बसल्या. मी वाडीतून शहाळी द्यायला गेलो होतो आणि निघायला सांगितलं नाही म्हणून थांबलो.

"मुलगा बरोबर बोलतोय," दादा म्हणाले. "इतकी वर्षं 'वर काय, वर काय' चाललंय. उद्या खुर्चीत बस आणि ऐक. पाठही टेकायला मिळेल."

"अहो, पण ते चेलोच्या वरचं असेल."

"मग?"

"मला माझ्या वरचं पाहिजे."

"वाजवताना ऐकू येतं का पण?"

"नाही येत," ताई म्हणाल्या. "सगळे दात वाजतात, कवटी घुमते. मी वाजवत असले की मलाच ऐकते मी." त्यांनी एक मांदेली दादांपुढे सरकवली. "आज मात्र आलं. दुसऱ्यांदा थांबले ना, सखुबाई सुरू व्हायच्या आधी, एवढंसं. तेवढ्यात आलं."

"काय होतं?"

ज्या बाईनं जन्मभर जगातल्या प्रत्येक वस्तूला रकाना शोधून दिला, तिला सांगता येईना. दादांनी हातातली सुरी खाली ठेवली. त्यांनी बायको निरुत्तर झालेली फारशी पाहिली नव्हती, घाबरले असावेत.

"त्या रेघा," ताई शेवटी म्हणाल्या. "मी गाळून टाकल्या होत्या. तेवढीच जागा होती माझ्यासाठी ठेवलेली. तिथूनच ऐकायचं होतं."

"मग सुयशला काय सांगतेस?"

"सुयशला काही सांगायचं नाहीये. आधी सखुबाईला सांगायचंय."

रविवारी सकाळी ताई देवळाच्या पायऱ्यांवर भजनी मंडळाला घेऊन बसल्या. हाताशी वाद्य नव्हतं. त्या नुसत्या तोंडानं गाणं म्हणत होत्या आणि विसावा आला की मांडीवर हात पाडत, उचलत. मंडळानं पण तसंच करायचं.

"म्हंजे आमाला गप बसाया शिकवतेस व्हय, बाय?" सखुबाई म्हणाली.

"व्हय."

"आमच्या म्हाताऱ्याला पन शिकीव मंग."

गप्प बसणं हा गाण्याचाच भाग आहे, हे कुणाला पटवावं लागलं नाही. ठेक्यात 'खाली'ची मात्रा असते तिथे तबलजी झोपत नाही, हे मास्तरांनी स्वतःच सांगितलं. पण आमची आळी आणि गप्प बसणं यांचा पूर्वपरिचय नव्हता. पहिल्या खेपेला कुणी खोकलं. पुढच्या खेपेला सखुबाईच्या नाकातून सूर आला. ताई रागावल्या नाहीत. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा. हात पडत होते, उठत होते. हळूहळू सगळ्यांचे हात एका वेळी पडू लागले, आणि त्या मधल्या रिकाम्या जागेत देवळापुढच्या वडावरचे पक्षी ऐकू येऊ लागले. विसावा संपला की सगळ्यांनी ताईंकडे न बघता एकदम सूर उचलला. तेव्हा ताई उठल्या. मागे सुयश चहाचा कप घेऊन उभा होता. कधीपासून, ते माहीत नाही.

"डिकी उघडू नका," ताई म्हणाल्या.

"नाही उघडत," तो म्हणाला.

दुपारी मंडप भरला. आळी होतीच, रेवदंड्याहून काही जण आले होते, आणि बीचवर उतरलेलं पुण्याचं एक जोडपं चुकून आलं होतं, ते पुढे बसलं. सुयश ताईंबद्दल चार शब्द बोलणार होता. ताईंनी त्याला खूण केली आणि तो बोलला नाही.

सुरुवात झाली आणि आम्ही पहिल्यांदा चकलो ते इथेच: आम्हाला पाठ असलेला सूर आम्हाला ओळखू येईना. सुरुवातीलाच तळाचा एकच सूर तीनदा येतो. इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, तिथे ताई अडकतात. आता तोच सूर तीनदा आला आणि तिन्ही वेळा तो वेगळा होता. तो जागचा हललाही नव्हता. त्याच्यावरचं सगळं बदललं होतं. आधी दुःख होतं, मग नव्हतं, मग दुःखही नाही आणि सुखही नाही असं काहीतरी, ज्याला मराठीत नाव असेल तर मला ते ठाऊक नाही. माझ्या शेजारी बसलेल्या भागोजीनं टोपी काढून हातात धरली.

मग विसावा आला. ताईंनी वाद्य मांडीवर घेतलं आणि डोळे मिटले.

पहाटे धुकं खाली उतरतं तेव्हा आमच्या वाडीत माडांचे नुसते शेंडे दिसतात, खोडं नसतातच. शेंडे कशावर उभे आहेत ते कळत नाही, आणि पडतही नाहीत. ते चार आवाज तसे झाले. आरोहीचं शिंग सगळ्यांत वर, माणसाच्या गळ्यासारखं, पण कुठल्याच माणसाचा श्वास एवढा लांब नसतो. एक आवाज दुसऱ्याच्या पाठोपाठ चढत होता, त्याला गाठत होता आणि सोडून देत होता. मंडपात सगळ्यांचे हात मांडीवर पडत होते, उठत होते, पडत होते. आवाज नाही. सखुबाईचे ओठ घट्ट मिटलेले. पुण्याच्या जोडप्यानं मागे वळून पाहिलं. गावाची ही कुठली प्रथा असावी, असा प्रश्न त्यांच्या तोंडावर होता. मग तेही हात हलवू लागले.

मी ताईंकडे पाहिलं. त्या ऐकत होत्या. चेहऱ्यावर विशेष काही नव्हतं. कुणी फार दिवसांनी घरी यावं आणि त्यानं पहिल्यांदा बोलायला सुरुवात करावी, तेव्हा माणूस मधे बोलत नाही, तसा चेहरा. मला भीती वाटली की त्या आता वाजवायच्याच नाहीत. ऐकायला बसल्या की बसल्या. आणि त्यांचं तरी काय चुकलं असतं?

सगळे हात पडले. ताईंनी श्वास घेतला.

धुक्यातून खोडं आली. आधी दिसली नव्हती एवढंच, ती होतीच. पायाखालच्या दगडातून तो सूर आला आणि चारही आवाज त्याच्यावर टेकले. मंडपात कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडला. दादा असावेत. रोज संध्याकाळी 'चहा टाकू?' म्हणून विचारणाऱ्या माणसानं आज काही विचारलं नाही.

शेवटच्या सुराला त्या जुन्या लिपीत मोजमाप नसतं. मोठा चौकोन, त्याला शेपूट. किती वेळ धरायचा ते लिहिलेलं नाही. सगळ्यांनी मिळून ठरवायचं. तालमीत ठरलं होतं की तळाचा सूर थांबला की बाकीच्यांनी थांबायचं.

ताई थांबल्या नाहीत.

सुयशनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. त्यानं धरता येईल तेवढं धरलं. मग त्याचा दम संपला आणि त्याचा आवाज हलकेच विरला. मग दुसरा, मग तिसरा. आरोहीचं शिंग वर एकटं राहिलं, बारीक झालं, आणि कुठल्या क्षणी गेलं ते कुणाला सांगता आलं नसतं. चौघांनीही वाद्यं खाली घेतली आणि ते ताईंकडे बघत उभे राहिले.

खाली फक्त तो एक सूर उरला. आमचा नेहमीचा, विहिरीपलीकडे जाणारा. पण वरचं सगळं आता कुणी वाजवत नसूनही त्याच्यावर होतं. मला ऐकू येत होतं, आणि बाजूला बसलेला भागोजी मान वर करून छताकडे बघत होता, म्हणजे त्यालाही येत असावं. ताईंचा चेहरा लाल झाला होता. गळ्याच्या शिरा उमटल्या होत्या. त्या धरून राहिल्या, धरून राहिल्या, आणि जेव्हा पत्तीतून नुसती हवा यायला लागली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

टाळी कुणी वाजवली नाही. मंडपात सगळ्यांचे हात मांडीवर पडत होते, उठत होते. आता गाणं सुरू नव्हतं. कुणाला थांबवावंसं वाटत नव्हतं.